ब्लॅकहोलवर रिसर्च करायचाय? बेळगावात बसून सुरुवात अशी करा

सगळ्यात आधी एक गणित करा, बाकीचं नंतर वाचा. बेळगाव समुद्रसपाटीपासनं साधारण ७५० मीटर उंचीवर आहे आणि पणजी म्हणजे समुद्रालाच टेकलेली. दोन एकसारखी, एकदम अचूक घड्याळं घ्या. एक खडेबाजारातल्या एखाद्या दुकानात ठेवा, दुसरं पणजीला मांडवीच्या काठावर ठेवा आणि वर्षभर हात लावू नका. वर्षानं बघितलं तर दोन्हींत फरक पडलेला असणार, कारण गुरुत्वाकर्षणाचा वेळेवर पण परिणाम होतोय, आणि कृष्णविवराचा अभ्यास इथनंच सुरू होतोय. किती?

सूत्र सोपं आहे. गुरुत्व त्वरण गुणिले उंची, भागिले प्रकाशाच्या वेगाचा वर्ग. ९.८ गुणिले ७५० केलं की ७३५० येतंय, त्याला प्रकाशाच्या वेगाच्या वर्गानं भागायचं, पण वेग मीटरमध्ये घ्या, किलोमीटरमध्ये घालून सगळे पहिल्यांदा चुकतात. उत्तर दहाच्या मायनस चौदाव्या घाताच्या आठपट. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी गुणा, ७ नॅनोसेकंद. वर्षाला अडीच मायक्रोसेकंदाच्या थोडं वर. कुठलं घड्याळ पुढं जाणार ते मी सांगत नाही, ते तुम्ही शोधायचं.

आता हे काय मनाचं नाही. १९५९-६० मध्ये हार्वर्डमध्ये पाउंड आणि रेब्का या दोघांनी फक्त साडेबावीस मीटरच्या उंचीत हा फरक मोजून दाखवला. आणि तुमच्या मोबाईलमधलं जीपीएस रोज हेच करतंय, २०,२०० किलोमीटरवरच्या सॅटेलाइटची घड्याळं दिवसाला जवळजवळ ३८ मायक्रोसेकंद पुढं पळतात, ती दुरुस्त केली नाहीत तर एका दिवसात तुम्हाला बेळगावच्या टिळकवाडीत उभं करून मॅप दहा-अकरा किलोमीटर लांब दाखवायला लागेल.

हे गणित करताना मजा आली असेल तर पुढं वाचा. आली नाही तरी वाचा, पण मग या विषयावरचे व्हिडीओ बघण्यात समाधान मानलं तरी चालतंय, त्यात कमीपणा काही नाही.

माझं सांगायचं तर मी खानापूर तालुक्यातला, मराठी शाळेतनं एसएसएलसी (दहावी), मग बेळगावात पीयूसी (अकरावी-बारावी) आणि बीएस्सी, नंतर बाहेर जाऊन ह्याच विषयात पीएचडी. रिझल्टच्या दिवसात दरवर्षी कुणाचा ना कुणाचा फोन येतोय, कधी पोरगा स्वतः, कधी त्याचा मामा, "आमच्या भाच्याला ते ब्लॅकहोलचं करायचंय म्हणतोय, त्याला कुठं घालायचं?" प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदा लिहूनच काढतोय.

पायरी पहिली: घर बघून घ्या

हा विषय आपल्या जुन्या घरासारखा आहे. पुढं सोपा (म्हणजे बाहेरची ओसरी), मग माजघर, मग आत अंधारं देवघर.

सोपा म्हणजे आइन्स्टाइनची १९१५ ची जनरल रिलेटिव्हिटी. गुरुत्वाकर्षण म्हणजे ओढ नसून स्पेसटाइमला, म्हणजे जागा आणि वेळ मिळून झालेल्या चार मितींना, आलेली वक्रता, हे इथं शिकायचं. कृष्णविवरांची समीकरणं, दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळल्यावर निघणाऱ्या लहरी, तारा कोसळतो कसा, हे सगळं सोप्यात. इथं क्वांटम नाही. माजघरात स्पेसटाइम तसंच वक्र ठेवायचं पण त्यात क्वांटम फील्ड सोडायची, हॉकिंग रेडिएशन, म्हणजे कृष्णविवरातनं बाहेर निघणारी उष्णता, इथलं. आणि देवघर म्हणजे स्वतः स्पेसटाइमच क्वांटम असेल तर काय, स्ट्रिंग थिअरी, लूप क्वांटम ग्रॅव्हिटी वगैरे. देवघरात अजून दिवा नीट लागलेला नाही, आत काय आहे यावर मोठमोठ्या माणसांचं पण एकमत नाही.

नवीन येणारा प्रत्येकजण चप्पल न काढता थेट देवघरात घुसायला बघतोय. मी पण बघितलं होतं. तिथं सगळं भारी वाटतंय पण हाताला काहीच लागत नाही, वर्ष जातंय आणि तुम्हाला फक्त शब्द येतात. सोप्यात दीड-दोन वर्षं बसा. त्याला इलाज नाही.

आणि हे परक्याचं घर आहे असंही समजू नका. लूप क्वांटम ग्रॅव्हिटीचा पाया ज्यांच्या १९८६ च्या कामावर उभा आहे ते अभय अष्टेकर मराठी, जन्म शिरपूरचा. इटलीत ट्रिएस्टला आयसीटीपी म्हणून जगप्रसिद्ध संस्था आहे, तिच्या डायरेक्टरपदावर २०१९ साली गेलेले अतिश दाभोलकर गडहिंग्लजचे, म्हणजे आपल्या संकेश्वरपासनं हाकेच्या अंतरावरचे, आणि त्यांचं काम कृष्णविवराच्या एन्ट्रॉपीवरच (आतल्या अव्यवस्थेच्या मापावर) आहे. कोल्हापूरचे विष्णू वासुदेव नारळीकर, म्हणजे जयंतरावांचे वडील, बनारसला शिकवायचे आणि त्यांच्या हाताखाली प्र. चु. वैद्य यांनी १९४३ मध्ये प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याचं समीकरण काढलं, ते आज जगभर वैद्य मेट्रिक म्हणून वापरतात (मेट्रिक म्हणजे स्पेसटाइममधलं अंतराचं सूत्र). आणि कर्नाटकचं बघायचं तर बेंगळुरूचे विश्वेश्वर. त्यांनी १९७० मध्ये कागदावर कृष्णविवराला लहरीचा एक धक्का दिला आणि दाखवलं की ते देवळातल्या घंटेसारखं वाजतंय आणि लगेच शांत होतंय. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगो या गुरुत्वलहरींच्या वेधशाळेनं पहिल्यांदा दोन कृष्णविवरांची टक्कर पकडली तेव्हा शेवटी तसाच घंटेचा विरत जाणारा नाद अपेक्षित होता आणि मिळालेला सिग्नल त्याच्याशी जुळला. पंचेचाळीस वर्षांनी.

पायरी दुसरी: शिदोरी

काय काय यायला पाहिजे त्याची यादी लई मोठी नाही. गणितात लिनिअर अल्जेब्रा, एकापेक्षा जास्त चलांचं कॅल्क्युलस, डिफरन्शियल इक्वेशन्स, थोडं कॉम्प्लेक्स अॅनालिसिस. फिजिक्समध्ये लॅग्रांजियन पद्धतीचं मेकॅनिक्स, मॅक्सवेलची समीकरणं, स्पेशल रिलेटिव्हिटी, क्वांटम मेकॅनिक्स, थर्मोडायनॅमिक्स. म्हणजे बीएस्सीचा अभ्यासक्रमच, फक्त परीक्षेपुरता न करता खरा केलेला. यातलं एकच पक्कं करायला वेळ असेल तर लॅग्रांजियन करा, पुढं सगळीकडं तेच भेटतंय.

टेन्सरला, म्हणजे रेघा बदलल्या तरी अर्थ न बदलणाऱ्या आकड्यांच्या मांडणीला, पोरं घाबरतात. त्यावर माझा उपाय असा आहे, आणि हा मी पोरांच्या समोर बसून करून घेतोय. साधा सपाट कागद घ्या. त्यावर एक्स-वाय न वापरता पोलर कोऑर्डिनेट्स वापरा, म्हणजे मध्यापासनं अंतर आर आणि कोन थीटा. अंतराचं सूत्र लिहा आणि त्यावरनं क्रिस्टोफेल सिम्बॉल हातानं काढा. फक्त दोन वेगळे येतात, एक मायनस आर, दुसरा एक भागिले आर. इथं पोरं थांबतात आणि विचारतात, सर, कागद तर सपाट आहे मग हे शून्य का नाहीत? अगदी हाच प्रश्न यायला पाहिजे. क्रिस्टोफेल हे तुम्ही निवडलेल्या रेघांमुळं येतात. आता पुढं जाऊन वक्रता मोजणारा रीमान टेन्सर काढा, सगळी पदं एकमेकांत कापून शून्य. म्हणजे वक्रता खरंच नाही. मग हेच सगळं गोलाच्या पृष्ठभागावर करा, तिथं रीमान शून्य येणार नाही, कुठल्याही रेघा मारा, येणारच नाही.

हातानं पटवून घ्यायचं असेल तर वर्तमानपत्राचा कागद तुपाच्या गोल डब्याभोवती गुंडाळा, सुरकुती पडत नाही. तोच नारळावर चिकटवायला जा. डबा वाकडा दिसतोय पण भूमितीच्या हिशेबानं सपाटच आहे, नारळ नाही. बस्स, आइन्स्टाइनला हव्या असलेल्या वक्रतेची कल्पना यात आली, बाकी चार मितींची दगदग आहे.

भाषेबद्दल एक. मराठी माध्यमातनं आलेल्यांना पहिलं वर्ष इंग्लिश पुस्तक जड जातंय, मला तर एक पान वाचायला अर्धा तास लागायचा. मी वहीत शेजारी मराठीत लिहायला लागलो. "हे पद का गेलं?", "इथं यानं गुपचूप एक गृहीत धरलंय", असलं. ती सवय अजून आहे, संशोधनाचे पेपर इंग्लिशमध्ये लिहितोय पण अडलं की कागदावर मराठीच उतरतंय. आपल्याकडची पोरं बसमध्ये कन्नड, घरात मराठी, मोबाईलवर हिंदी अशी दिवसभर उड्या मारतात, त्यांना चौथ्या भाषेची कसली भीती.

पायरी तिसरी: सोप्यात मुक्काम

पुस्तक एकच धरा. हार्टल यांचं किंवा शुट्झ यांचं. हार्टल फिजिक्स आधी सांगतात आणि गणित नंतर, म्हणून एकट्यानं अभ्यास करणाऱ्याला मी तेच सांगतोय. ते झालं की शॉन कॅरल यांच्या लेक्चर नोट्स, १९९७ पासनं अर्काइव्हवर (संशोधनाच्या पेपरांची साइट, पुढं येईलच) फुकट पडल्यात. दहा पुस्तकांच्या पीडीएफ डाउनलोड करून ठेवू नका, डाउनलोड केल्यावर वाचल्यासारखं वाटतंय आणि तिथंच घात होतोय. आणि १९७३ चं ते बाराशे पानांच्या वरचं काळं जाड पुस्तक सुरुवातीला उघडू नका, ते नंतर अडल्यावर बघायला आहे.

इथं मी केलेली चूक सांगतो म्हणजे तुमची दिवाळी वाचेल. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी माझ्याकडं दोन पुस्तकांच्या झेरॉक्स होत्या, एका पुस्तकातनं मी मेट्रिक घेतलं आणि दुसऱ्यातनं रिची टेन्सरचं (रीमानमधनंच निघतोय तो) सूत्र. एकात वेळेच्या पदाला मायनस चिन्ह, अंतराला प्लस. दुसऱ्यात बरोबर उलटं. आणि रिचीची व्याख्या पण दोन्हीत वेगळ्या चिन्हाची. मला हे माहीतच नव्हतं. अख्खी दिवाळीची सुट्टी गेली, घरात चकल्या चालल्यात, बाहेर पोरं किल्ला करतायत आणि मी माळ्यावर बसून एकच पान अकरा वेळा लिहितोय आणि उत्तर दर वेळी उलट्या चिन्हाचं येतंय. मला वाटलं की आपल्याला हे जमणारं नाही. भाऊबीजेला आलेल्या आत्तेभावानं, तो सिव्हिल इंजिनिअर, नुसतं बघून विचारलं, "दोन्ही पुस्तकात हे वरचं चिन्ह वेगळं का आहे रे?" तर वहीच्या पहिल्या पानावर लाल पेननं लिहा: मी कुठलं चिन्ह धरलंय. आणि पुस्तक बदललं की आधी ते बघा.

सोप्यातलं मुख्य काम म्हणजे श्वार्ट्‌झशिल्ड यांचं उत्तर स्वतःच्या हातानं काढणं. हा माणूस पहिल्या महायुद्धात रशियाच्या आघाडीवर होता, आइन्स्टाइनची समीकरणं छापून आल्यावर काही आठवड्यांत त्यानं त्यांचं पहिलं बिनचूक उत्तर काढलं आणि १९१६ च्या मे महिन्यात आजारानं गेला. त्यानं आघाडीवर काढलं, आपण घरात बसून पंखा लावून काढायचंय. गोल, स्थिर, बाहेर काहीच नाही, एवढं धरलं की चार मितींची समीकरणं एकाच चलाची होतात. पहिल्यांदा आठवडा लागेल. दुसऱ्यांदा दोन तास.

मग त्यातनं एकेक गोष्ट पिळून काढायची. क्षितिजाची (ज्याच्या आतनं प्रकाश पण बाहेर येत नाही त्या सीमेची) त्रिज्या, म्हणजे दोन गुणिले गुरुत्व स्थिरांक गुणिले वस्तुमान, भागिले प्रकाशवेगाचा वर्ग. सूर्याला साधारण ३ किलोमीटर. पृथ्वीला ९ मिलिमीटर, म्हणजे अख्खी पृथ्वी पोरांच्या खेळातल्या गोटीएवढी दाबायची. त्या त्रिज्येच्या दीडपटीवर प्रकाश गोल फिरू शकतोय, तिप्पट अंतराच्या आत कुठल्याही दगडाला स्थिर गोल कक्षा नाही. बुधाची कक्षा शतकाला ४३ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) जास्त सरकते ते काढा. सूर्याच्या कडेला घासून येणारा प्रकाश १.७५ आर्कसेकंद वळतोय ते काढा, १९१९ च्या ग्रहणात एडिंग्टन आणि मंडळी मोजायला गेली होती ते हेच. हे सगळं स्वतः काढलं की सोप्यात तुमचं अंथरूण पडलं म्हणायचं.

ह्यामुळं एक फायदा असा होतोय की ऐकीव गोष्टी आपोआप गळून पडतात. ब्लॅकहोल सगळं ओढून घेतंय म्हणतात ना, सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं तर पृथ्वीची कक्षा काडीभर सुद्धा बदलत नाही. अंधार होईल आणि थंडीनं मरू, ते वेगळं.

पायरी चौथी: माजघर

इथं यायच्या आधी क्वांटम फील्ड थिअरीची निदान तोंडओळख पाहिजे. मग पहिल्यांदा हॉकिंग नको, पहिल्यांदा उन्रूह. १९७६ चं काम आहे. रिकाम्या जागेत तुम्ही स्थिर असाल तर काहीच नाही, पण एकसारख्या त्वरणानं पळायला लागला तर तीच रिकामी जागा तुम्हाला गरम वाटते. किती गरम? एक केल्विन वाटायला सेकंद वर्गाला अडीच गुणिले दहाचा विसावा घात मीटर एवढं त्वरण पाहिजे, त्यामुळं केएसआरटीसीच्या बसनं कितीही गचके दिले तरी काळजी नको. पण गणित सपाट स्पेसटाइममध्येच होतंय, वक्रतेची कटकट नाही, आणि "व्हॅक्युम म्हणजे काय हे बघणाऱ्यावर अवलंबून आहे" ही माजघराची किल्ली इथंच हातात पडते.

मग हॉकिंग, १९७४. तापमानाचं सूत्र नुसतं बघा: वर प्लांकचा स्थिरांक (दोन π नं भागलेला) आणि प्रकाशवेगाचा घन, खाली आठ π, गुरुत्व स्थिरांक, वस्तुमान आणि बोल्ट्झमनचा स्थिरांक. क्वांटम, रिलेटिव्हिटी, गुरुत्व आणि उष्णता, चौघांची पाटी एकाच दारावर. लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये हॉकिंगच्या स्मृतिशिळेवर हेच सूत्र कोरलंय. आता आकडे घाला. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचं तापमान येतंय ६ भागिले १० कोटी केल्विन. भोवतालचं आकाशच २.७ केल्विनला आहे. म्हणजे असलं कृष्णविवर आज विरघळत नाही, उलट आकाशातनं उष्णता खातंय.

वस्तुमान सूत्रात खाली आहे हे सोडू नका. खाली असल्यानं कृष्णविवर जेवढं हलकं होईल तेवढं तापतंय. चुलीवरनं खाली उतरवलेलं पातेलं गार व्हायच्या ऐवजी आणखी उकळायला लागलं तर कसं वाटेल, तसं. यावर थोडा वेळ घालवा. मी विद्यार्थ्यांना घरी करायला एक देतोय: कृष्णविवराचं तापमान बरोबर २.७ केल्विन व्हायला त्याचं वस्तुमान किती पाहिजे आणि ते चंद्रापेक्षा जड की हलकं?

एक सावधगिरी. क्षितिजाजवळ कणांची जोडी तयार होते, एक आत पडतोय आणि एक बाहेर निघतोय, हे चित्र सगळीकडं सांगतात. लहान पोराला सांगायला ठीक आहे, पण त्यावरनं गणित होत नाही आणि त्यावर प्रश्न विचारत बसलात तर गोल गोल फिराल. खरं गणित असं आहे की तारा कोसळायच्या आधीचा व्हॅक्युम आणि नंतर लांबच्या निरीक्षकाचा व्हॅक्युम एकच नसतोय, आणि त्या दोघांतला हिशेब बोगोल्युबोव्ह ट्रान्सफॉर्मेशननं जुळवायचा. शब्द भयानक आहे, काम दोन पानांचं.

पुढं मग एन्ट्रॉपी, म्हणजे बेकेनश्टाइन यांचं म्हणणं की ती घनफळावर नाही तर क्षितिजाच्या क्षेत्रफळावर अवलंबून, त्यातनं माहिती हरवण्याचा घोळ, पेज यांचा १९९३ चा वक्र, २०१९ नंतरची त्यावरची नवी धामधूम. हे आत्ता वाचून उपयोग नाही, नावं लिहून ठेवा.

पायरी पाचवी: पेपर वाचणं

अर्काइव्ह म्हणून साइट आहे, १९९१ पासनं चालू, जगातले पेपर छापून यायच्या आधी तिथं येतात, एक रुपया लागत नाही. आपल्या कामाचे दोन कप्पे, जीआर-क्यूसी (रिलेटिव्हिटी आणि क्वांटम ग्रॅव्हिटी) आणि हेप-टीएच (हाय एनर्जी फिजिक्सची थिअरी). रोज सकाळी चहाबरोबर नुसती शीर्षकं बघा, कळलं नाही तरी बघा, वर्तमानपत्रात बाजारभाव बघतो तसं. वर्षभरानं कोण कशावर काम करतंय ते डोक्यात बसतंय.

वाचायचा मात्र महिन्याला एकच. त्यातलं एक समीकरण धरा आणि आधीच्या ओळीवरनं ते स्वतः काढा. लेखक "सहज दिसते की" म्हणतो तिथं माझे एकदा तीन दिवस गेलेत, त्यामुळं नाही दिसलं तर लाज वाटून घेऊ नका. लॅपटॉप असेल तर पायथन आणि सिम्पाय (चिन्हांचं गणित करून देणारी त्याची लायब्ररी) टाका, फुकट आहे, लांबलचक टेन्सर त्यात तपासता येतात. पण पहिल्यांदा हातानं, मग मशीननं. चॅटबॉटला विचारलं तर तो पण चिन्हाची चूक करतोय आणि वर एकदम आत्मविश्वासानं सांगतोय, माझ्या आत्तेभावाच्या पासंगाला पुरत नाही.

पायरी सहावी: इथनं जायचं कसं

हे नीट वाचा, कारण आपल्या भागात यातच जास्त पोरं गळतात. पीयूसी सायन्स म्हटलं की घरातले, क्लासवाले, शेजारचे काका, सगळ्यांच्या तोंडात सीईटी आणि नीट. आयझरची (केंद्राच्या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थांची) ॲप्टिट्यूड टेस्ट असते, तसल्याच नायझर आणि मुंबईच्या सीईबीएस या संस्थांसाठी नेस्ट नावाची परीक्षा असते, हे कित्येकांना रिझल्ट लागल्यावर कळतंय. सेकंड पीयूसीला असतानाच फॉर्म भरा.

ते हुकलं तर काही बिघडत नाही. बीएस्सी बेळगावात, धारवाडला, कोल्हापुरात, कुठंही करा आणि शेवटच्या वर्षी जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा द्या. त्यावर आयआयटीत एमएस्सी मिळते, आयआयएस्सीला इंटिग्रेटेड पीएचडीला पण तीच चालते. एमएस्सीनंतर पीएचडीसाठी जेस्ट, टीआयएफआरची (मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटची) स्वतःची परीक्षा, नेट. सीमाभागातल्या पोरांना एक मोठा दिलासा असा की ह्या सगळ्या अखिल भारतीय परीक्षा, डोमिसाइल कर्नाटकाचं का महाराष्ट्राचं हा आपला कायमचा डोकेदुखीचा विषय इथं येतच नाही. राज्याच्या विद्यापीठात जायचं असेल तर मात्र दाखले आधीच जमवा. महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या विद्यार्थ्यांना सवलती दिल्यात, त्या त्या वर्षीचे नियम स्वतः वाचा, कुणाच्या तोंडच्या शब्दावर जाऊ नका. मी गेलो होतो आणि एका कार्यालयात एका कागदासाठी चार फेऱ्या मारल्यात.

जागेचा विचार केला तर आपण लई नशीबवान आहोत. पुण्यात आयुका (खगोलशास्त्राची संस्था) आणि आयझर, बेंगळुरूला आयसीटीएस (थिअरीची संस्था), आयआयएस्सी आणि रामन इन्स्टिट्यूट, आणि आपण बरोबर मधी. रात्री राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडली की सकाळी बेंगळुरू. आयुकाचा उन्हाळी विद्यार्थी कार्यक्रम असतो, देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांची मिळून एक समर फेलोशिप असते, दोन्हीला अर्ज करा, मिळाली नाही तर पुढच्या वर्षी परत करा. आयसीटीएसची लेक्चर्स युट्यूबवर आहेत, ती तर निपाणीत घरात बसून बघता येतात.

घरचे विचारणार, पैसे किती मिळणार. बरोबर विचारतात. पीएचडीला जेआरएफची (ज्युनिअर रिसर्च फेलोची) फेलोशिप २०२३ पासनं महिन्याला ३७,००० आहे, नंतर सीनिअरला ४२,०००. शिवाय घरभाडं. कधीकधी उशिरा जमा होते हे पण सांगून ठेवतो, दोन-तीन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा. नंतर पोस्टडॉक, म्हणजे दोन वर्षं इकडं दोन वर्षं तिकडं, आणि कायमची नोकरी कमीच लोकांना लागते. हे लपवून कुणाला या वाटेला लावायचं मला पटत नाही. पण ज्यांनी सोडलं ते डेटाचं, बँकेचं, शिकवण्याचं काम करतायत, उपाशी कुणी नाही.

पायरी सातवी: प्रोफेसरला मेल

चार ओळी. कोण, कुठल्या वर्षात. कुठलं पुस्तक कुठपर्यंत केलंय. त्यांचा कुठला पेपर उघडला आणि कुठल्या समीकरणाला अडकला. काय पाहिजे. "लहानपणापासून अवकाशाचं वेड" हे वाक्य काढून टाका, ते सगळ्यांच्याच मेलमध्ये असतंय. समीकरण नंबर सात कळलं नाही असं लिहिणाऱ्याला उत्तर यायची शक्यता जास्त. एकच मेल पन्नास जणांना पाठवू नका, ते एकमेकांचे मित्र असतात. आणि आइन्स्टाइन चुकला हे सिद्ध करणारी स्वतःची थिअरी जोडू नका. माझ्या मेलबॉक्समध्ये महिन्याला एक तरी येतेय आणि एकाही थिअरीत बुधाचे ते ४३ आर्कसेकंद काढलेले नसतात.

पैसे घेऊन "क्वांटम ग्रॅव्हिटी सर्टिफिकेट" देणारे ऑनलाइन कोर्सवाले पण फिरतायत. ॲडमिशनच्या इंटरव्ह्यूत ते सर्टिफिकेट कुणी विचारत नाही, फळ्याजवळ उभं करून खडू हातात देतात.

गेल्या महिन्यात निपाणीच्या सेकंड पीयूसीच्या एका पोराला सुरुवातीचं ते घड्याळाचं गणित दिलं होतं. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर वहीचा फोटो. सात नॅनोसेकंद बरोबर, पण खाली लिहिलेलं, "पणजीचे घड्याळ पुढे." मी एवढंच लिहिलं की पणजीतनं बेळगावला एक प्रकाशकिरण पाठव आणि वाटेत त्याचं काय होतंय ते बघ. दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, "सर उलटं झालं होतं. चोर्ला घाट चढताना फोटॉनला पण दम लागतोय की."